अंदाज आधी लिहा, हसा नंतर

चुंबकाचा धडा चालू आहे. होकायंत्राची सुई नेहमी उत्तर दाखवते, असं बाई सांगतात. मागच्या बाकावरून आवाज येतो, "बाई, मग पेपरला होकायंत्र आणलं तर चालेल का?" वर्गात हशा पिकतो. पुढच्या दोन सेकंदांत बाई काय म्हणतात, यावर त्या तासाचं बरंच काही ठरतं.

"फार शहाणा आहेस, उभा राहा," हे एक. बाई स्वतःही हसल्या आणि फळ्याकडे वळल्या, हे दुसरं, बिचारं निरुपद्रवी. तिसरं क्वचित घडतं. बाई म्हणतात, "आण की. पण तुझ्या बाकाचे पाय लोखंडाचे आहेत. तिथे ठेवलंस तर सुई कुठलं उत्तर दाखवेल? आधी सांग, मग ठेव." मुलगा म्हणतो, उत्तरच, पुस्तकात 'नेहमी' असं लिहिलंय. होकायंत्र बाकाच्या पायाशी नेलं जातं, सुई डळमळते आणि तिचं जवळचं टोक लोखंडाकडे तोंड करून बसतं. चुकीचं उत्तर! वर्ग पुन्हा हसतो, आणि या खेपेला हसता हसता 'नेहमी' हा शब्द सगळ्यांच्या डोक्यातून निघून जातो.

विनोद कळणं आणि अनुभवातून शिकणं, या दोन्हींत मेंदूला जवळजवळ एकच काम करावं लागतं. पुढे काय येणार याचा अंदाज बांधायचा, तो फसला की कुठे फसला ते शोधायचं, आणि डोक्यातलं चित्र दुरुस्त करायचं. अंदाजच बांधला नसेल तर हसू येत नाही आणि शिकणंही होत नाही. विद्येचं माहेरघर म्हणवून घेणाऱ्या पुण्यात प्रात्यक्षिकांची जी रीत मुरली आहे, ती विद्यार्थ्याला अंदाज बांधू देत नाही. ती बदलायला पैसा लागत नाही, इमारत लागत नाही. जर्नलच्या डाव्या पानावरच्या चार ओळी लागतात.

आधी विनोदाची चिरफाड करू. चिरफाडीत विनोद मरतो हे खरं, पण त्याला इलाज नाही. "आमची कोठेही शाखा नाही" ही पाटी घ्या. दुकानाच्या पाटीवर 'शाखा' दिसलं की पुढे डेक्कन, कोथरूड, हडपसर अशी यादी येणार, हा आपला हिशेब आपल्या नकळत झालेला असतो. समोर येतं 'नाही'. हिशेब चुकला. पण तेवढ्याने हसू येत नाही. दुकान वाढलं नाही ही उणीव मालकाने बढाई म्हणून रंगवून भिंतीवर लावली आहे, हे लक्षात आलं की मग येतं. म्हणजे अपेक्षाभंग ही पहिली पायरी आणि त्या भंगाचा अर्थ लागणं ही दुसरी. जेरी सल्स या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये विनोदाचं दोन टप्प्यांचं प्रारूप मांडलं ते हेच. गावात नवा आलेला माणूस त्या पाटीपाशी पहिल्या पायरीवरच थांबतो. त्याला वाटतं, बिचाऱ्यांचा धंदा बसलेला दिसतोय. आणि रोज त्याच रस्त्याने जाणारा पुणेकर पाटीकडे बघतसुद्धा नाही, कारण त्याच्या अंदाजात 'नाही' आधीच बसलेलं असतं.

पहिल्या पायरीचा मेंदूतला ठसा मोजता येतो. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिल्यार्ड यांनी १९८० मध्ये डोक्यावर इलेक्ट्रोड लावलेल्या लोकांना एकेक शब्द दाखवत वाक्यं वाचायला दिली. काही वाक्यांचा शेवटचा शब्द भलताच होता. आपल्याकडे सांगायचं तर 'तिने गरम पोळीवर मोजे वाढले' अशा धर्तीचा. तो शब्द दिसल्यावर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत आलेखात एक ठळक ऋण लाट उमटली. अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदूने 'हे बसत नाही' अशी नोंद केली होती. पण पोळीवर मोजे हे वाक्य फारसं विनोदी नाही. लाट आली, अर्थ लागला नाही, संपलं.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत हेच चालतं. खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर ओतून ज्वालामुखी फसफसवला, टाळ्या पडल्या, पुढचं टेबल. पहिली पायरी झकास, दुसरीचा पत्ता नाही. ज्वालामुखी असा मुळीच फुटत नाही, हेही कुणी सांगत नाही.

आता शिकण्याकडे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांनी ही गोष्ट पेशींच्या पातळीवर नेली. माकडाला अचानक रसाचा घोट मिळाला की मध्यमेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचे विद्युत ठोके वाढत. रसाआधी ठरावीक खूण दाखवायला सुरुवात केली, तेव्हा काही दिवसांनी पेशी खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या. नंतर ठरल्याप्रमाणे आलेल्या रसाला त्या ढिम्म हलत नसत. आणि खूण दाखवून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी ठोके मंदावत. १९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर दायान आणि रीड मॉन्टेग्यू यांनी याचा अर्थ मांडला: या पेशी बक्षीस मोजत नाहीत, मिळालेलं आणि अपेक्षिलेलं यांतला फरक मोजतात. त्याआधी पंचवीस वर्षं, १९७२ मध्येच, रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांनी शिकण्याचं गणित याच फरकावर उभं केलं होतं. फरक शून्य, तर बदल शून्य.

इथे एक सावधगिरी हवी. विनोदी व्यंगचित्रं पाहताना मेंदूच्या बक्षीस-यंत्रणेचे भाग, त्यातही न्यूक्लियस अकम्बेन्स, जास्त सक्रिय होतात, हे २००३ मध्ये डीन मॉब्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. पण त्यांचं यंत्र रक्तप्रवाहातला बदल टिपतं, डोपामिन टिपत नाही. तेव्हा 'हसा, डोपामिन वाढवा, स्मरणशक्ती सुधारा' छापाचे संदेश सकाळी बागेतल्या हास्यक्लबातून घरी पोचायच्या आत फोनवर येतात, त्यांना या प्रयोगाचा आधार नाही. बागेतलं हसणं छान असतं, फुप्फुसं मोकळी होतात, ओळखी होतात. ते विनोदाशिवायचं हसणं आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी लोकांच्या गप्पा टिपून दाखवलं की रोजच्या हसण्यातलं बहुतेक हसणं विनोदानंतर येतच नाही, साध्यासुध्या वाक्यांनंतर येतं. आणि एकटं असताना जेवढं हसतो त्याच्या सुमारे ३० पट आपण चारचौघांत हसतो. हसणं हा माणसं जोडण्याचा आवाज आहे. शिकवण्यात जो उपयोगी पडतो तो विनोदातला फसलेला अंदाज.

मग अनुभव म्हणजे काय, आणि आपल्या प्रयोगशाळेत तो येतो का? अकरावी-बारावीच्या साध्या लंबकाचं बघू. बुचाच्या दोन फाकांत दोरा घट्ट पकडायचा, खाली धातूचा गोळा, बुचाच्या कडेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत १०० सेंटिमीटर. गोळा चार-पाच सेंटिमीटर बाजूला ओढून, न ढकलता सोडायचा. २० झोके मोजायचे. पुण्यात सुमारे ४० सेकंद लागतात, म्हणजे एका झोक्याला दोन. सूत्रात घातलं की गुरुत्वीय त्वरण ९.८ च्या आसपास मिळतं. २० झोके का? बोटाने घड्याळ चालू-बंद करताना पाव-अर्ध्या सेकंदाची चूक होणारच. ती एका झोक्यावर पडली तर आकडा पार वाहून जातो, वीस झोक्यांत वाटली की सोसते.

या प्रयोगात फसण्याच्या जागा गमतीच्या आहेत. दोरा गोळ्याच्या हुकापर्यंतच मोजला तर लांबी सेंटिमीटरभर कमी भरते. गोळा हौसेने ६० अंशांपर्यंत ओढून सोडला तर झोक्याचा वेळ सुमारे सात टक्के वाढतो, कारण ते सूत्र लहान कोनांपुरतंच खरं आहे. पण सगळ्यात सुंदर चूक मोजणीची. गोळा सोडताच घड्याळ चालू केलं आणि तोंडाने 'एक' म्हटलं, की 'वीस' म्हणेपर्यंत झोके एकोणीसच झालेले असतात. सुरुवात 'शून्य' म्हणून करायला हवी होती. घड्याळात ४० ऐवजी ३८ येतात, २० ने भागल्यावर १.९, आणि उत्तर निघतं साधारण १०.९. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचं वजन बसल्याजागी दहा-अकरा टक्क्यांनी वाढलं!

हा खरा विनोद आहे, त्यातलं शिक्षणही खरं आहे. पण बहुतेक ठिकाणी तो घडतच नाही. विद्यार्थ्याला ९.८ हे उत्तर शाळेपासून पाठ असतं. १०.९ आलं की तो शेजाऱ्याच्या जर्नलकडे बघतो, ३८ खोडतो, ४० लिहितो. कित्येकदा उलटी वाट असते: उत्तर आधी, त्यावरून 'रीडिंग', खरं वाटावं म्हणून एखाद्या ओळीत ३९.८. शुल्ट्झच्या माकडाने हा प्रयोग केला असता तर त्याच्या डोपामिन पेशींनी जांभई दिली असती. बारावीला भौतिकशास्त्राच्या १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. अंदाज, फसगत आणि दुरुस्ती यांना त्यात घर नसेल, तर ते तीस गुण अक्षराचे आणि आकृत्यांचे होतात.

उपाय चार ओळींचा आहे. अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या कुठल्याही जर्नलमध्ये डावं पान कोरं असतं. उपकरणाला हात लावण्याआधी त्या पानाच्या डोक्यावर, शाईने, विद्यार्थ्याने लिहायचं: गोळा दुप्पट वजनाचा घेतला तर २० झोक्यांचा वेळ कमी होईल, वाढेल की तेवढाच राहील? दोरा १०० चा ५० केला तर ४० सेकंदांचे किती होतील? असं का वाटतं? आणि खात्री किती, १ ते ५? शिक्षकांनी त्याखाली सही आणि वेळ टाकायची. चार-पाच मिनिटांचं काम. मग प्रयोग.

दोरा निम्मा, तर वेळ निम्मा, २० सेकंद. हे उत्तर इतकं साहजिक आहे की त्यापुढे बिनदिक्कत ५ लिहिलं जातं. घड्याळ २८ दाखवतं. तिथे वर्गात जो आवाज उठतो, तो हशा आणि 'अरे!' यांच्या मधला असतो. वर्गमुळाचं सूत्र फळ्यावर लिहायची वेळ ती. पाच मिनिटं आधी लिहिलं तर ते नुसतंच सूत्र.

शाईने आणि आधी, या दोन अटींवर तडजोड नको. उत्तर कळल्यावर 'हे मला माहीतच होतं' असं वाटणं ही मेंदूची खोड आहे. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाची हकीगत वाचायला दिली, वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे शेवट सांगितले, आणि हा शेवट माहीत नसता तर तुम्हाला काय वाटलं असतं असं विचारलं. ज्याला जो शेवट सांगितला होता, तो त्याला आधीपासूनच संभवनीय वाटत होता. डोक्यातला अंदाज उत्तर येताच पुसला जातो, आणि पुसला गेला हेही कळत नाही. कागदावरचा राहतो.

कारणं मागाहून रचण्यात मेंदू किती तरबेज आहे, हे १९९८ च्या एका नोंदीत दिसतं. इट्झाक फ्रीड आणि सहकारी अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी एका सोळा वर्षांच्या मुलीच्या मेंदूचे भाग सौम्य विद्युत प्रवाहाने तपासत होते. डाव्या बाजूच्या एका लहानशा भागाला प्रवाह दिला की ती हसायची. थोडा दिला तर स्मित, जास्त दिला तर खळखळून. का हसलीस, विचारलं की दर वेळी कारण तयार: कधी समोरचं घोड्याचं चित्र, कधी भोवती उभे असलेले डॉक्टरच. तिला वाटत होतं ते ती प्रामाणिकपणे सांगत होती. जर्नलमधला 'निष्कर्ष' हा रकाना वाचताना ती मुलगी आठवायला हरकत नाही.

खात्रीचा आकडा कशाला, असा प्रश्न येईल. बटरफिल्ड आणि मेटकाफ यांनी २००१ मध्ये दाखवलं की ज्या चुकीबद्दल माणसाला पक्की खात्री होती, ती चूक बरोबर उत्तर कळल्यावर जास्त चांगली दुरुस्त होते. ५ लिहून आपटलेला २८ विसरत नाही. १ लिहिणाऱ्याने मुळात काही पणालाच लावलेलं नसतं.

गुणांचा प्रश्न मात्र नाजूक आहे. अंदाज बरोबर आला म्हणून एकही गुण देता कामा नये. दिला, की दुसऱ्या आठवड्यापासून सगळ्यांचे अंदाज बरोबर येतील. गुण द्यायचे ते 'असं का वाटलं' या ओळीला आणि प्रयोगानंतर तिच्याखाली लिहिलेल्या 'कुठे फसलं' या ओळीला. ३८ सेकंद तसेच ठेवून खाली 'मी शून्याऐवजी एकपासून मोजलं' लिहिणाऱ्याला चकचकीत ४०.० वाल्यापेक्षा जास्त गुण मिळायला हवेत. बाहेरून आलेल्या परीक्षकाला हे पटेल का? तोंडीत 'तुमचा कुठला अंदाज चुकला?' हा एक प्रश्न विचारला, तर प्रयोग कुणी केला आणि कुणी उतरवला हे कळायला त्याला मिनिटही लागणार नाही. सध्याच्या व्याख्या विचारण्यापेक्षा ते सोपं आहे.

दुसरी अडचण पुण्याची खास आहे, ती म्हणजे टोमणा. तिरकस बोलण्याचा आपल्याला अभिमान आहे, आणि घरात, नाक्यावर, पाटीवर तो शोभतोही. पण १०.९ घेऊन आलेल्या मुलीला "वा! न्यूटनला कळवलंत का?" असं भर प्रयोगशाळेत ऐकवलं, की पुढच्या आठवड्यात डाव्या पानावर कुणीही काही लिहिणार नाही; ती तर नाहीच, बाकीचेही नाहीत. लेस्ली जेन्स आणि जेम्स ओल्सन यांच्या २००० सालच्या प्रयोगांत दुसऱ्याची टर उडवलेली नुसती पाहिलेले लोकसुद्धा अधिक चाकोरीत वागू लागले, अपयशाला अधिक घाबरू लागले. ज्याची टर उडते त्याच्यापुरता हा हिशेब राहत नाही. तीच बाब "आज इथे सगळ्यांचं वजन दहा टक्क्यांनी वाढलेलं दिसतंय, कुणी काय मोजलं ते शोधू या," अशीही सांगता येते. हशा तेवढाच पिकतो, पण रोख आकड्यावर राहतो आणि पुढचा प्रश्न त्यातच असतो. फरक फार बारीक आहे, आणि शिक्षक-प्रशिक्षणात तो कुणी शिकवत नाही. हेडमास्तर असलेले आचार्य अत्रे ज्या गावात वर्ग हसवत होते, त्या गावात तरी शिकवायला हवा.

विनोद म्हटलं की उलट टोकाला जाणारेही आहेत. क्लासमध्ये दर दहा मिनिटांनी एक किस्सा, शेर, नाही तर सिनेमातला संवाद. मुलं खूश, सर लोकप्रिय. अशा विनोदाने काय टिकतं? कॅप्लन आणि पॅस्को यांनी १९७७ मध्ये व्याख्यानं विनोदासह आणि विनोदाविना देऊन पाहिली. लगेच घेतलेल्या चाचणीत फायदा दिसला नाही. सहा आठवड्यांनी दिसला, पण तो ज्या संकल्पनेवर विनोद केला होता तेवढ्याच भागात. स्टीफन श्मिट यांनी १९९४ मध्ये आणखी एक गोम दाखवली: विनोदी आणि साधी वाक्यं एकत्र दिली तर विनोदी जास्त लक्षात राहतात, आणि त्याची किंमत साधी वाक्यं मोजतात. म्हणजे विषयाशी संबंध नसलेला किस्सा धड्याच्या स्मरणातली जागा खातो. दहा वर्षांनी सरांचा किस्सा आठवतो, प्रकरण आठवत नाही, ते यामुळे. होकायंत्राच्या कोटीला मात्र हा आक्षेप लागू नाही. 'उत्तर' या शब्दाचे दोन अर्थ तिने एकमेकांवर आदळले आणि त्यातूनच चुंबकाचा प्रश्न निघाला.

वेळ नाही, हा शेवटचा आक्षेप, आणि तो खोटा नाही. दोन तासांचं प्रॅक्टिकल, वीस-पंचवीस मुलांची बॅच, पाच लंबक, त्यांतल्या दोघांचे दोरे तुटलेले. चार-पाच मिनिटं अंदाजाला द्यायची तर कुठून? सांगायचं तर आकृती आणि 'साहित्य' यांचं उतरवणं कमी करून. आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात पुलंच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिलेली 'पुलस्त्य' इमारत आहे. सप्तर्षींतल्या ताऱ्याचं नाव आणि पुलंचं नाव एकातच. तिथल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी काडेपेट्या, स्ट्रॉ आणि सायकलच्या ट्यूबपासून खेळणी केली. त्यांतलं कुठलंही खेळणं मुलाच्या हाती दिलं की आधी 'असं होईल' म्हटलं जातं, मग तसं होत नाही, मग हसू. त्यात कुणी साहित्याची यादी लिहून घेत नाही. एका विनोदकाराच्या नावाने विज्ञान शिकवलं जाणारी जागा याच शहरात आहे. तिथली रीत दोन-चार किलोमीटरवरच्या महाविद्यालयात पोचायला काय हरकत आहे, हे कळत नाही.

राहता राहिले सिनियर. चार ओळींची बातमी फुटली की 'निम्म्या दोऱ्याला २८' हे उत्तर जुन्या जर्नलांतून पुढच्या बॅचकडे आपोआप जाईल, पाच पैकी पाच खात्रीसकट. म्हणून प्रश्न दर बॅचला बदलावा लागतो, आणि लंबकात ते फुकट होतं. दोरा ३६, ६४ किंवा ८१ सेंटिमीटर दिला की वर्गमूळ सुटं निघतं: २० झोक्यांना अनुक्रमे सुमारे २४, ३२ आणि ३६ सेकंद. मंगळवारच्या बॅचला ६४ द्या. त्यांतल्या एकाच्या डाव्या पानावर शाईत २८ लिहिलेलं असेल, शेजारी सही आणि वेळ. घड्याळात ३२ येतील. शेजारचा फिसकन हसेल, आणि २८ वाल्याला दोरा खाली घेऊन फूटपट्टी लावावी लागेल.